दहा माणसांची मोटारसायकल

मोटारसायकल घेतली म्हणून कुणाचं काहीच बिघडलं नसतं. बिघडलं ते मी तिला क्रूझर म्हटल्यामुळे.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला शब्द नेमका वापरायची खोड लागते. ही खोड घरात कुणाला आवडत नाही, तो भाग वेगळा. शोरूमवाल्याने हातात दिलेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'क्रूझर' असंच छापलेलं होतं. 'क्रू' दीर्घ होता, त्यामुळे कंपनीबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं. शिवाय गाडीच तशी होती. लांबडी, बुटकी, हँडल आपल्याकडे झुकलेलं, टाकी फुगीर आणि चकचकीत, बसायची जागा खोलगट आणि इतकी खाली, की बसल्याबसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. इंजिन तेवढं लहान. म्हणूनच किंमत माझ्यासारख्याच्या आवाक्यातली. थाट जहागीरदाराचा आणि खर्च कारकुनाचा, असं हे वाहन माझं माप घेऊनच बनवलं असणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

"या वयात मोटारसायकल?" बायको म्हणाली.

"मोटारसायकल नाही. क्रूझर."

"चाकं किती तिला?"

"दोन."

"मग मोटारसायकल."

वास्तविक हा संवाद मी तेव्हाच मनावर घ्यायला हवा होता. पण बायकोचं बोलणं मनावर घ्यायची सवय मला उशिरा लागली. ती "नुसती बघायला" म्हणून शोरूममध्ये आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आरशात पाहून केस नीट केले आणि म्हणाली, "उभी असताना छान दिसते." मी आजवर घरात आणलेल्या कुठल्याही वस्तूची, मी धरून, एवढी स्तुती तिने केलेली नाही. मी आगाऊ रक्कम भरून टाकली.

त्याच संध्याकाळी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. 'आम्ही लवकरच क्रूझर घेत आहोत. सर्वांच्या शुभेच्छा असाव्यात.' पाठवण्याआधी तो पुन्हा पुन्हा वाचला. एक काना, एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. निर्दोष मजकूर होता आणि त्यानेच घात केला.

कारण आमच्या नातेवाइकांच्या भाषेत क्रूझर म्हणजे एकच. दहा-बारा माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून कोंबून नेणारी ती लांबलचक जीप. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी तेव्हा पत्रकाच्या भाषेत जगत होतो.

उत्तरांचा पाऊस पडला. ज्या मावसबहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तिने तीन अंगठे पाठवले. मेव्हण्याने लिहिलं, "मन मोठं लागतं याला." एक काका म्हणाले, "आमच्या दोघांची जागा धरून ठेव रे बाबा." मला वाटलं, काका गमतीत आहेत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका साध्या खरेदीचं लोकांना एवढं कौतुक वाटावं, म्हणजे माणसं मुळात चांगलीच असतात, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "काहीतरी घोटाळा आहे." बायकांचा मनुष्यजातीवर विश्वासच नसतो.

तोच शब्द मी इमारतीच्या सेक्रेटरींना दिलेल्या अर्जातही वापरला. आमचे सेक्रेटरी म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली फक्त आमची इमारत उरली आहे, त्यामुळे पूर्वी अख्ख्या शहरावर पसरलेलं त्यांचं लक्ष आता जिन्यावर आणि पार्किंगवर एकवटलं आहे. 'क्रूझरसाठी जागा मिळावी' हा माझा अर्ज वाचून त्यांनी दंतवैद्याची स्कूटर कोपऱ्यात सरकवली, वरच्या मजल्यावरच्या सायकली हलवल्या आणि स्वतः वाकून जमिनीवर पांढऱ्या रंगाचा ऐसपैस चौकोन आखून घेतला. गाडी आली त्या दिवशी मी ती ऐटीत त्या चौकोनात मधोमध उभी केली. सेक्रेटरी टेप घेऊन खाली आले.

"ही काढा इथून."

"अहो, ही जागा मलाच दिलीत ना तुम्ही?"

"क्रूझरला दिली."

"हीच क्रूझर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून गाडीकडे पाहिलं. "चौकोन चारचाकीचा आहे. चारचाकीच्या चौकोनात दुचाकी लावता येत नाही. नियम आहे."

"मग दुचाकीची जागा द्या."

"तुमचा दुचाकीचा अर्ज कुठे आहे?"

अशा रीतीने माझ्या नावाचा तो भलामोठा चौकोन रिकामा राहिला आणि माझी गाडी त्याच्या बाहेर, नळाच्या खाली उभी राहू लागली. नळ गळका होता. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला तो कधी दिसला नाही, याबद्दल मी काही बोलत नाही.

"इंजिन केवढं?" त्यांनी जाता जाता विचारलं. मी सांगितलं. ते हसले. "आमच्या टाकीवरचा पंप याहून ताकदवान असेल. घाटात दोघं बसलात तर एकाला उतरावं लागेल, सांगून ठेवतो."

लोकांना दुसऱ्याच्या नव्या गाडीत ताकदच का शोधावीशी वाटते? या गाडीचं मोठेपण ताकदीत नव्हतंच. ती सुरू केली की मांजर पोटातल्या पोटात गुरगुरावं तसा समाधानी आवाज यायचा. ती कुणाला मागे टाकत नसे आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. हँडलवर हात ठेवून, पाठ ताठ करून, रस्त्याच्या डाव्या बाजूने संथ निघालं की छापखान्यातल्या साहेबांचं बोलणं, चुकलेले अनुस्वार, पाठदुखी, सगळं मागे राहायचं. मला ती मनापासून आवडली होती. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात सगळं खापर त्या बिचारीवर फुटलं.

पुढे झालं ते असं. रविवारी सकाळी माझा आतेभाऊ वहिनीला आणि आत्याला घेऊन गाडी बघायला आला. आतेभाऊ विमा कंपनीत आहे. अपघातांचे आकडे त्याला इतके पाठ आहेत, की त्याने स्वतः कुठलंही वाहन बाळगलेलं नाही आणि रस्ता ओलांडतानाही तो मनातल्या मनात हप्ता काढतो. आत्या म्हणजे त्याची आई. ती एका डोंगरावरच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. सत्तरी उलटली तरी ट्रॅकसूटमध्येच वावरते आणि वय विचारलं तर आधी दंड दाबून बघायला सांगते. परवापरवापर्यंत ती स्कूटर चालवायची. एकदा वळणावर जराशी कलंडली, खरचटलं, आणि आतेभावाने स्कूटर विकून टाकली. तेव्हापासून आत्या बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चुका काढते.

"गाडी कुठाय?" आतेभावाने विचारलं.

"ही काय."

त्याने मोटारसायकलकडे पाहिलं. मग तिच्या मागे पाहिलं. मग पुढे जाऊन रिकाम्या चौकोनात उभं राहून चौफेर पाहिलं.

"नाही, ती क्रूझर कुठाय?"

"अरे दादा, हीच."

दादाचा चेहरा असा पडला, की तो बघून वहिनीच कोसळेल असं वाटून मी तिच्यासाठी खुर्ची आणायला धावलो. प्रत्यक्षात ती दादालाच लागली. हळूहळू सगळं बाहेर आलं. येत्या रविवारी आत्याच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. आत्याची ज्या वर्षी अचानक बदली झाली, त्या वर्षी वार्षिक खेळांची शेवटची रिले शर्यत राहून गेली होती. आता पन्नाशी ओलांडलेल्या त्याच मुलामुलींनी ठरवलं होतं, की ती शर्यत पुरी करायची, आणि सुरुवात बाईंनीच करून द्यायची. शर्यत सकाळी, ऊन चढायच्या आत. आत्या महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. दादाने तिच्यासाठी भाड्याची गाडी ठरवली होती. माझा निरोप वाचून त्याने ती रद्द केली, घरातल्या दहा माणसांना माझ्या क्रूझरमध्ये जागा वाटून दिल्या आणि खिडकीजवळची काकांना देऊन टाकली.

"दुसरी गाडी बघू की," मी म्हणालो.

"बघितली असती!" दादा ओरडला. "तिकडच्या मेळाव्यानेच आसपासच्या सगळ्या गाड्या उचलल्यात. बस पायथ्याशी सोडते. तिथून वर आई चालत जाणार आहे का?"

"एखाद्या विद्यार्थ्याला फोन करा ना," बायको म्हणाली. "येऊन घेऊन जाईल."

"मुळीच नाही," आत्या पहिल्यांदाच बोलली. "जन्मभर त्यांना सांगितलं, मैदानावर आपल्या आपण आणि वेळेवर या. आता मी फोन करून सांगू, मला उचलून न्या म्हणून?"

बोलताना ती गाडीभोवती फिरत होती. चाकावर अंगठा दाबून हवा बघितली. हँडल धरून गाडी उभी सरळ केली आणि पुन्हा स्टँडवर टेकवली. मग कुणाला न विचारता बसली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले.

"खाली आहे बसायला," ती म्हणाली. "छान आहे रे! मला काय, एकच जागा लागते."

"आईला दुचाकीवर? मी जिवंत असेपर्यंत नाही," दादा म्हणाला आणि मागे बसणाऱ्यांचे आकडे सांगू लागला. आत्या गाडीवरून उतरली. आकडे चालू असताना ती कुणाकडेच पाहत नव्हती. मला तिचं फार वाईट वाटलं. सगळं आयुष्य जिने दुसऱ्यांना पळायला लावलं, तिला आज कुठे जायचं तर घरातल्यांची बैठक बसत होती. ग्रुपवर तर त्या दिवशी माझी शोभा झालीच. मावसबहिणीने आपले अंगठे काढून घेतले. काकांनी फक्त "खिडकी गेली" एवढंच लिहिलं, पण त्यातला सल मला पोचला.

रविवारी पहाटे दाराची बेल वाजली. बाहेर आत्या. निळा ट्रॅकसूट, पायात बूट, हातात स्वतःचं जुनं हेल्मेट.

"दादाला सांगून आलीस?"

"सांगितलं की."

"काय म्हणाला?"

"काही नाही. झोपला होता."

मी बायकोकडे पाहिलं. ती आधीच माझं जर्किन घेऊन उभी होती. "बघता काय? निघा," ती म्हणाली. "शर्यत बाईंशिवाय सुरू व्हायची नाही."

सपाट रस्त्याला गाडी अशी काही पळाली, की माझी छाती दोन इंच पुढे आली. पहाटेचा गारवा, रिकामा रस्ता, मागे आत्या. तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हताच. ती हात मांडीवर ठेवून, ताठ बसून सूचना देत होती. "गिअर बदल. आता का ब्रेक? वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. खांदे सैल सोड." पायथ्याच्या टपरीवर चहा घेताना माझा फोन किणकिणला. पडद्यावर दादाचं नाव. आत्याने तो माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि परत दिला. "खेळाच्या दिवशी फोन नाही. माझा नियम आहे."

मग घाट लागला.

पहिल्या वळणाला गाडी जरा गंभीर झाली. दुसऱ्या वळणाला मी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आलो. त्यानंतर पहिल्यावर. शेजारून पायी चाललेले एक गृहस्थ बराच वेळ आमच्याबरोबर होते. नंतर ते पुढे गेले. मी गाडीला मनातल्या मनात गोंजारत होतो, चुचकारत होतो, पण शाळेच्या अलीकडचा जो शेवटचा खडा चढ आहे, तिथे तिने एक दीर्घ उसासा टाकला आणि ती थांबली. बंद पडली नाही, हे महत्त्वाचं. आपलं म्हणणं मांडून नम्रपणे थांबली. सेक्रेटरींचा हसरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

"एकाला उतरायला हवं," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"उघड आहे," आत्या म्हणाली. "आपल्या दोघांत जड कोण?"

उत्तर माझ्या पट्ट्याच्या वर दिसत होतं. मी उतरलो. उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, की उतरणारा मी असेन तर चालवणाराही मी असू शकत नाही.

"आत्या, पण..."

ती पुढे सरकली होती. हेल्मेटचा पट्टा आवळत होती. "परवाना आहे माझ्याकडे. स्कूटर विकली त्याने, परवाना नाही विकला." बोलता बोलता तिने गिअर टाकून बघितले. एकदा चुकला. स्वतःवरच चुकचुकली, पुन्हा टाकला. "आणि माझ्या मागे पळत येऊ नकोस. तुला सवय नाही. चालत ये, श्वास नाकाने घे."

गाडी हलली. क्षणभर डगमगली, आणि मग ती निळी पाठ ताठ झाली आणि चढाला लागली. माझी क्रूझर, जिला मी आठवडाभर जिवापाड पुसत होतो, ती आत्याला घेऊन अशी निघाली, की मला वाटलं हिला आपला माणूस आत्ता सापडला. मत्सर वाटायला हवा होता. खरं सांगतो, वाटला नाही. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. एवढं देखणं दृश्य मी कुणाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं आणि मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, बहुतेक दोनदा.

मागून अवाढव्य मोटारसायकलींचं एक टोळकं आलं. त्यातल्या एका दाढीवाल्याने थांबून विचारलं, "काका, गाडी बंद पडली का?"

"नाही. गाडी वर गेली."

त्याने दोन हातांनी मला नमस्कार केला आणि तो पुढे निघून गेला. मला काय झालं असावं अशी त्याची समजूत झाली, कोण जाणे.

मी धापा टाकत मैदानावर पोचलो तेव्हा ऊन जेमतेम कोवळं होतं. माझी गाडी झेंड्याच्या खांबापाशी, सगळ्यांच्या मधोमध उभी होती आणि तिच्याभोवती टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, पोटं सुटलेली माणसं लहान मुलांसारखी गलका करत होती. आत्याने नुसता हात वर केला. गलका थांबला. कुणी न सांगता त्या सगळ्यांनी उंचीप्रमाणे रांगा लावल्या. एक बाई जागा चुकल्या, त्या स्वतःच मागे गेल्या. एका स्वयंसेवकाने मला अडवलं. "आपण कोण?"

"मी बाईंच्या बरोबर आलोय."

"बाई तर एकट्याच आल्या."

मी कुंपणापाशी उभा राहिलो.

आत्या रेषेच्या टोकाला गेली. "जागा घ्या!" तिचा आवाज टेकडीवर आदळून परत आला. "तयार!" आणि तिचा हात खाली यायच्या आतच एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ सुटले. ते कुठल्याशा इस्पितळात मोठे शल्यविशारद आहेत, असं मला नंतर कळलं.

"मागे ये," आत्या म्हणाली. "तेव्हाही घाई, आताही घाई."

"सॉरी बाई," ते म्हणाले आणि मान खाली घालून रेषेवर परत आले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, कारण नसताना. मग हात खाली आला आणि ती सगळी माणसं धावली. कशी धावली, कोण जिंकलं, मला सांगता येणार नाही. काठी दोनदा पडली, एक जण गुडघा धरून बसला, एक बाई हसत हसतच पळत होत्या. मी पळणाऱ्यांकडे बघतच नव्हतो. मी आत्याकडे बघत होतो. ती आत कडेकडेने त्यांच्याबरोबर धावत होती.

परत निघायला दुपार झाली. मी गाडीपाशी आलो तर आत्या पुढे बसलेली. मी थोडा घुटमळलो. उतारावर तर दोघं चालणार होतो, म्हणजे आता मला पुढे बसायला हरकत नव्हती. तिनेही ते ओळखलं.

"तुला चालवायचीय का?" तिने विचारलं.

तिने विचारलं म्हणून तरी मी हो म्हणायला हवं होतं. पण हँडलवर ठेवलेले तिचे हात मी पाहिले आणि मला वाटलं, गाडी काय, उद्याही आहे. "नको," मी म्हणालो, "मी दमलोय." आणि मागे बसलो.

पहिलं वळण झाल्यावर मी फोन सुरू केला. सुरू होताक्षणी तो वाजला. दादा. आत्या निघताना वहिनीला सांगून आली होती आणि वहिनीने त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं. आधी तो बराच वेळ ओरडला. मग त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"आई बरी आहे ना रे?"

"एकदम."

"गाडीवर आहे?"

"आहे."

"नीट बसलीय? घाबरली नाहीये ना?"

"दादा, इतकी नीट बसलेली मी तिला कधी पाहिली नाही."

"हळू चालव हं, माझ्या आईला घेऊन."

मी पुढे वाकून आत्याच्या कानाशी म्हणालो, "हळू, म्हणतोय." तिने मान हलवली आणि गिअर वाढवला.

"आणि उतार आहे," दादा सांगत होता, "तिला म्हणावं, पुढच्याला घट्ट धरून बस."

वाक्यात एका शब्दाची चूक होती. माझ्या पेशातल्या माणसाला ती दिसल्याशिवाय राहत नाही आणि दिसली की हात शिवशिवतात. पण मी ती तशीच जाऊ दिली.

"धरलंय," मी म्हणालो, फोन खिशात टाकला, आणि दुसऱ्या हातानेही आत्याचा ट्रॅकसूट घट्ट धरला.